जयंतीचे गाणे आणि पंधरा ऑगस्ट

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. काही वर्षांपूर्वी स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची आखणी करण्यासाठी आमची बैठक बसली होती. ध्वजवंदन, भाषण आणि विद्यार्थ्यांची तीन समूहगीते, असा नेहमीचाच बेत होता. त्यांपैकी एक गीत होते 'हम होंगे कामयाब'. त्याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका मुलाने वामनदादा कर्डकांचे एक गाणे म्हणण्याची परवानगी मागितली होती. त्याचा अर्ज वाचला गेला, आणि एक ज्येष्ठ सहकारी अगदी सौम्यपणे म्हणाले, "गाणे चांगलेच असेल, पण हा राष्ट्रीय दिवस आहे. हे त्याला जयंतीला म्हणू द्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अर्ध्या मिनिटात विषय संपला.

मी गप्प बसलो. नोकरीत कायम होऊन तेव्हा मला वर्षही झाले नव्हते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. माझे आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून घाटकोपरला आले आणि हायवेच्या कडेला पत्रे उभे करून राहिले. त्या पत्र्यांखालून बैठकीतल्या खुर्चीपर्यंत यायला तीन पिढ्या लागल्या होत्या, आणि खुर्चीत बसल्यावर माझी जीभ टाळूला चिकटली. ही कबुली आधीच दिलेली बरी. पुढे जे लिहितो आहे ते त्या मौनाचे देणे फेडण्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा मला जिन्यात भेटला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो म्हणाला, "सर, हम होंगे कामयाब हे मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं आहे, असं तुम्हीच वर्गात सांगितलं होतं. मग त्यांचं चालतं, आणि आपलं का चालत नाही?"

'आपलं' हा शब्द त्याने सहज वापरला. मला तो लागला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर इतिहासातूनच द्यावे लागेल.

ज्या गीताला आमच्या बैठकीने राष्ट्रीय मानले, त्याचा जन्म कुठे झाला? अमेरिकेच्या दक्षिणेत, काळ्या माणसांच्या चर्चमधील भजनांत त्याची मुळे आहेत. १९४५-४६ साली दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन शहरात तंबाखूच्या कारखान्यातील कामगारांनी संप केला. त्यांत काळ्या स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. संपाच्या पहाऱ्यावर उभे राहून त्यांनी ते भजन लढ्याचे गाणे म्हणून गायिले. तेथून ते टेनेसीतील हायलँडर या कामगार प्रशिक्षण केंद्रात गेले, पीट सीगरसारख्या गायकांच्या हाती पडले, आणि १९६० च्या एप्रिलमध्ये काळ्या विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात नव्या चळवळीचे गीत होऊन बसले. हे विद्यार्थी कोण होते? त्याच वर्षी १ फेब्रुवारीला ग्रीन्सबरो गावातील एका दुकानात चार काळे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या फळीवर जाऊन बसले आणि त्यांनी कॉफी मागितली. ती त्यांना मिळाली नाही. ते उठलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक.

कपभर कॉफीसाठी एवढा अट्टाहास कशाला, असे तिथल्या गोऱ्यांना वाटले असेल. आपल्याला तसे वाटण्याचे कारण नाही. त्याच्या तेहतीस वर्षे आधी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले होते. तहान भागवणे हा त्याचा हेतू नव्हता. आम्हीही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी ती ओंजळ होती.

अमेरिकेतील गुलामीशी आपले नाते कोणी आजच्या अभ्यासकाने ओढूनताणून जुळवलेले नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. तिकडे गुलामी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या एका माळ्याने सातासमुद्रापलीकडची ती घटना आपल्या शूद्रातिशूद्रांच्या पदरी बांधली. पुढे १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. काळ्यांची हार्लेम वस्ती त्या विद्यापीठाच्या शेजारीच आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली, आणि ड्यू बॉईस यांनी आत्मीयतेने उत्तर दिले. देश स्वतंत्र होण्याच्या आदल्याच वर्षीची ही गोष्ट आहे. राज्य बदलले म्हणजे आपला माणूस आपोआप मोकळा होत नाही, हे बाबासाहेब जाणून होते.

अमेरिकेने हे आधीच दाखवून दिले होते. तिथला स्वातंत्र्यदिन ४ जुलै. १८५२ साली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ५ जुलैला, गुलामीतून निसटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी गोऱ्या श्रोत्यांसमोर उभे राहून विचारले की तुमचा हा सण गुलामाच्या दृष्टीने काय आहे? उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी विचारलेला हा प्रश्न ध्यानात ठेवावा. तो आपल्याकडे परत येणार आहे, आणि तोही घाटकोपरमार्गे.

आपल्याकडे हा प्रश्न गाण्यातून विचारण्याची परंपरा सत्यशोधक जलशांपासूनची आहे. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातला माल बदलला. आंबेडकरी जलशांनी हे काम आणखी पुढे नेले. नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे अनेक जलसाकार ढोलकी, तुणतुणे आणि झांज घेऊन गावोगाव फिरले. तमाशातला गण गणपतीचा असे. तो बदलला. गवळणीतला कृष्ण मागे पडला. सवाल-जवाबात मेलेले ढोर ओढावे की ओढू नये, मुलाला शाळेत घालावे की पाटलाच्या दावणीला बांधावे, काळाराम मंदिराचा सत्याग्रह कशासाठी, यांवर वाद होऊ लागला. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत चळवळ या मार्गाने पोहोचली. भीमराव कर्डकांनी पुढे १९७८ साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून त्याची नोंद करून ठेवली, म्हणून आज आपल्याला एवढे तरी सांगता येते.

वामनदादा कर्डक हे याच परंपरेचे पुढचे पाऊल. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. त्यांच्या जन्माची तारीख १५ ऑगस्ट १९२२. त्या तारखेला पुढे पंचवीस वर्षांनी काय होणार होते हे त्यांच्या आईला ठाऊक असण्याचे कारण नव्हते! ते मुंबईला आले, मिळेल ते कष्टाचे काम केले आणि अक्षरे शिकले ती तरुणपणी, इथेच. १९४३ पासून २००४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी हजारो गाणी रचली. त्यांतले एक गाणे देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन आपल्या हिश्श्याचा हिशेब मागते. आमच्या विद्यार्थ्याला नेमके तेच म्हणायचे होते.

आणि इथे माझ्या सहकाऱ्यांच्या सौम्य नकाराचे मर्म उलगडते. अमेरिकेहून आलेल्या त्या गीतात आशा आहे. एक दिवस आपण जिंकू, ही आशा. ती कोणावर आरोप करीत नाही, कोणाचे नाव घेत नाही. गिरिजाकुमार माथुरांनी त्याचा हिंदी अवतार केला आणि ते शाळाशाळांतून पोहोचले. चार्ल्सटनच्या तंबाखू कामगार बाया वाटेतच गळून पडल्या. पोलिसांच्या गाड्या, तुरुंगातल्या कोठड्या, सगळे गळाले. उरली ती कोणालाही म्हणता येईल अशी निरुपद्रवी आशा. वामनदादांच्या गाण्यातही आशा आहे, पण ते हिशेब मागते. आशा सर्वांना चालते, हिशेब चालत नाही.

हा केवळ आपल्या सवर्णांचाच दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. १५ सप्टेंबर १९६३ रोजी बर्मिंगहॅम शहरात काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब फुटला आणि चार मुली ठार झाल्या. निना सिमोन या काळ्या गायिकेने त्या संतापात गाणे लिहिले. त्यात तिने मिसिसिपी राज्याचे नाव घेऊन त्याचा उद्धार केला. दक्षिणेतील अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवले नाही. उलट 'हम होंगे कामयाब'च्या मूळ इंग्रजी गीताचे धृपद १५ मार्च १९६५ रोजी खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अमेरिकन काँग्रेससमोरच्या भाषणात उच्चारले. चळवळीचा तो विजयच होता, कारण त्यातून मतदानाच्या हक्काचा कायदा आला. पण दोन गाण्यांना मिळालेली ही दोन प्रकारची वागणूक लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या गाण्यात गुन्हेगाराचे नाव असते, ते राष्ट्राच्या ओठांवर सहसा येत नाही.

आता घाटकोपरकडे येऊ. स्टेशनच्या पश्चिमेला चिरागनगर आहे. तिथल्या झोपडीत अण्णाभाऊ साठे यांनी आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे काढली. शाळा दीड दिवसाची. जन्म १९२० चा, वाटेगावचा, मांग जातीत. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांचे चरित्रकार सांगतात की १६ ऑगस्ट १९४७ रोजी अण्णाभाऊंनी मुंबईत मोर्चा काढला आणि हे स्वातंत्र्य खोटे आहे, कारण जनता उपाशी आहे, अशी घोषणा दिली. सोळा ऑगस्ट! उत्सवाचा दुसरा दिवस. डग्लस यांचा पाच जुलै इथे सोळा ऑगस्ट होऊन आला. चिरागनगरच्या माणसाने डग्लस वाचला असेल असे मला वाटत नाही. उपाशी माणसाला तो प्रश्न पुस्तकातून घ्यावा लागत नाही.

नव्या राज्याने याचे उत्तर लवकरच दिले. मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली, लाल बावट्याच्या कार्यक्रमांवरही बंदी आली. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हटले आणि गाणे चालू ठेवले. १९५९ साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. लाल बावट्याच्या या शाहिराचे मन कुठे ओढ घेत होते, ते त्या अर्पणपत्रिकेत दिसते. १९६९ साली गोरेगावात ते गेले, तेव्हा घरात दारिद्र्यच होते.

बाबासाहेबांनी हीच गोष्ट २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत वेगळ्या भाषेत सांगितली होती. राजकारणात एक माणूस, एक मत, एक मूल्य आपण मान्य करू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते नाकारत राहू. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर ज्यांना विषमता सोसावी लागते ते ही राजकीय लोकशाही उधळून लावतील. इशारा असा स्पष्ट होता. शाहीर आणि घटनाकार एकाच प्रश्नावर बोट ठेवीत होते. १९७२ साली स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा होत असताना दलित पँथरने तोच प्रश्न पुन्हा रस्त्यावर आणला, आणि राजा ढाले यांनी 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' लिहिला. पँथर हे नावच अमेरिकेतील काळ्या तरुणांच्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतलेले होते. जोतीरावांनी बांधलेली गाठ नव्याण्णव वर्षांनी नव्या पिढीने पुन्हा आवळली.

मग आला स्वातंत्र्याचा सुवर्णमहोत्सव. त्याला पस्तीस दिवस उरले असताना, ११ जुलै १९९७ च्या सकाळी, घाटकोपर पूर्वेच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. माणसे रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला. दहा माणसे मेली.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमची वस्ती तिथून लांब नव्हती. त्या दिवशी शाळा मधेच सुटली, आजीने मला घरात ओढले आणि भर दुपारी दाराला कडी लावली. पत्र्याचे घर, जुलैचा उकाडा. आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, घरात जाते राहिले नव्हते तरी म्हणायची. बाबासाहेबांना भाऊ म्हणणाऱ्या ओव्या. त्या दिवशी ती काही म्हणाली नाही. त्या घरात आजीचा आवाज नव्हता अशी ती पहिलीच दुपार मला आठवते.

जमाव टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन सरकारी बाजूने पुढे केले गेले. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ साली, म्हणजे बारा वर्षांनी, सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. पुढे उच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि त्याला जामीन मिळाला.

मुलुंडच्या एका झोपडीत विलास घोगरे राहत होता. शाहीर होता. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या १९८५ च्या बोलपटात त्याचा आवाज आहे. ज्यांची घरे महापालिका पाडते त्यांच्या बाजूने गाणारा तो आवाज. आव्हान नाट्य मंच या डाव्या कलापथकात तो वर्षानुवर्षे गायला, आणि पुढे त्याच मंचाने त्याला बाहेर काढले. रमाबाई नगरातील गोळीबारानंतर थोड्याच दिवसांत त्याने घरात गळफास घेतला. त्याच्या कपाळाला निळे फडके बांधलेले होते. मरण्यापूर्वी त्याने शहीद भीमपुत्रांना अभिवादन करून आंबेडकरी ऐक्याचा जयघोष लिहून ठेवला होता. पटवर्धन यांनी त्याच्या मृत्यूपासून धागा धरून चौदा वर्षे काम केले, आणि त्यातून 'जयभीम कॉम्रेड' तयार झाला.

विलास घोगरेच्या मरणाचा कोणी गौरव करू नये, असे माझे मत आहे. गळफास ही काही शाहिरी नव्हे, आणि आपल्या मुलांपुढे तो आदर्श म्हणून ठेवण्याचे पाप आपण करू नये. आपल्याला तो जिवंत हवा होता. प्रश्न असा की त्याला जिवंत ठेवण्यासाठी आपण काय केले? लाल झेंड्याने त्याचा आवाज वापरला आणि त्याला दूर केले. निळ्या झेंड्याखाली आलेल्या आमच्या गटागटांच्या पुढाऱ्यांनी सभेला गर्दी जमेपर्यंत शाहिराला गायला लावले आणि पुढारी आल्यावर त्याच्या हातातला माईक काढून घेतला, हे आपल्यापैकी कोणी पाहिलेले नाही? अण्णाभाऊ दारिद्र्यात गेले. विलास एकटा गेला. इतरांकडून हिशेब मागणाऱ्या गाण्याने आपल्याही घरचा हिशेब मागितला पाहिजे.

आणि तरीही, काळ्यांच्या गाण्याहून आपले गाणे एका बाबतीत वेगळे आहे, ते नोंदवावेसे वाटते. काळ्यांचे गाणे चर्चमध्ये वाढले. फॅनी लू हेमर ही मिसिसिपीतील बटाईने शेती करणारी स्त्री. १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली म्हणून तिला मळ्यावरून हाकलले, १९६३ मध्ये तुरुंगात मारहाण झाली. तिचे बळ होते भजन. देव आपल्या बाजूला आहे हा तिचा विश्वास होता. आपल्या गाण्याला असा देव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण देव मागे ठेवले. म्हणून भीमगीतात मुक्ती वरून उतरत नाही. ती पुस्तकातून येते, घटनेतून येते, शाळेच्या पायरीवरून येते, माणसाच्या हातून येते. म्हणूनच ती अडली तर देवाला बोल लावता येत नाही. कोणी अडवली त्याचे नाव घ्यावे लागते. आपल्या गाण्यात जी हिशेबाची भाषा आहे, तिचे मूळ मला इथे दिसते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे. त्यांचे चालते, कारण ते इथे कोणाकडे काही मागत नाही. त्याच्या मूळ भूमीत त्याने खूप मागितले, रक्त सांडून मागितले. आपले चालत नाही, कारण ते अजून मागते आहे आणि ज्यांच्याकडे मागते ते समोरच्या खुर्च्यांवर बसलेले आहेत. ज्या दिवशी वामनदादांचे गाणे कोणालाही न टोचता पंधरा ऑगस्टला म्हटले जाईल, त्या दिवशी दोनपैकी एक गोष्ट झालेली असेल. एकतर हिशेब चुकता झाला असेल, नाहीतर गाण्याचा अर्थ मेला असेल. पहिली गोष्ट व्हावी यासाठी झटायचे, आणि दुसरी होऊ द्यायची नाही. स्वातंत्र्याचा माझ्यापुरता अर्थ एवढाच आहे, की पंधरा ऑगस्टला हिशेब मागता यावा आणि मागणाऱ्याला देशाबाहेरचा ठरवले जाऊ नये.

हे मी त्याला जिन्यात सांगू शकलो नाही. पुढच्या वर्षीच्या बैठकीत मात्र मी बोललो. आवाज थोडा कापत होता. बराच वाद झाला, आणि शेवटी गाणे ठरले. तो मुलगा तोवर तृतीय वर्षात गेला होता. तो गायला. टाळ्या फार पडल्या नाहीत. माझे ते ज्येष्ठ सहकारी खाली पाहत होते. पण मागच्या बाजूला शिपाई आणि सफाईचे काम करणाऱ्या बाया उभ्या होत्या. त्यांना ते गाणे पाठ होते. त्यांचे ओठ हलत होते.

शेवटी वाचकांना एक विनंती. आपल्या वस्त्यांमधून, विक्रोळीत, भांडुपात, कुर्ल्यात, घाटकोपरात, अनेक गायन पार्ट्या होऊन गेल्या. त्यांच्या गाण्यांच्या वह्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत पडलेल्या आहेत. घरे पाडली जात आहेत, टॉवर उठत आहेत, आणि सामान हलवताना पहिल्यांदा रद्दीत जातात त्या वह्याच. कृपा करून त्या रद्दीत देऊ नका. एखाद्या शिकलेल्या मुलाकडून उतरवून घ्या, म्हणणारे म्हातारे माणूस हयात असेल तर त्याचा आवाज टिपून ठेवा. माझ्या आजीच्या ओव्या मी लिहून ठेवल्या नाहीत. ती गेली तेव्हा मी एम.ए.च्या परीक्षेसाठी अमेरिकेचा इतिहास पाठ करीत होतो.